चार मिनिटं अठ्ठावीस सेकंद

(रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त सोसायटीच्या गच्चीवर झालेल्या भाषणाचा लिखित मजकूर)



उत्सव समितीने मला बोलायला सांगितलं, तेव्हा मी ‘मृत्युपत्र कसे करावे’ किंवा ‘ज्येष्ठांसाठी ठेव योजना’ यावर बोलणार असं सगळ्यांनी धरूनच ठेवलं होतं. या दोन्ही विषयांवर मी गेली पंचवीस वर्षं जिन्यात, लिफ्टमध्ये आणि दूध केंद्राच्या रांगेत फुकट बोलत आलो आहे. आज माइक मिळाला आहे, तर बर्फावर नाचणाऱ्या एका जोडीबद्दल बोलतो. सेक्रेटरीसाहेबांनी कपाळाला हात लावलेला मला इथून दिसतोय.

या विषयाला एक कारण आहे. मध्यंतरी आपल्याच एका सभासदांनी मला खाली बाकावर गाठलं. विंग सांगत नाही, उगाच तर्क लढवू नका. त्यांच्या घरातलं मूल खेळात चांगलं आहे, नोकरीही चांगली लागलेली आहे. आता ते म्हणतं, नोकरी सोडतो आणि दोन-तीन वर्षं फक्त खेळतो. घरात रोज याच्यावरून वाद. ते गृहस्थ मला म्हणाले, “काका, तुम्ही जन्मभर कर्जाचे प्रस्ताव तपासलेत. हा प्रस्ताव तुमच्या टेबलावर आला असता, तर सही केली असतीत का?” बाकावर बसून दोन मिनिटांत उत्तर देण्यासारखा हा प्रश्न नव्हता. पण त्या क्षणापासून माझ्या डोक्यात नॉटिंगहॅमचे ते दोघे येऊन बसले ते अजून उठलेले नाहीत.

नॉटिंगहॅम कशाला, तर आमची लेक तिथे असते. २०१८ साली नातीसाठी म्हणून आम्ही दोघं तीन महिने तिकडे होतो. थंडीत म्हाताऱ्या माणसाने करायचं काय? नातीला शनिवारी स्केटिंगला न्यायचं काम माझ्याकडे आलं. तिथल्या मोठ्या बर्फाच्या रिंकसमोर एक चौक आहे, त्याचं नाव ‘बोलेरो स्क्वेअर’. आपल्याकडे चौकाला पुढाऱ्याचं नाव देतात, फार तर संताचं. इथे एका सांगीतिक रचनेचं नाव! मी जावयाला विचारलं, तो म्हणाला, “बाबा, टॉर्व्हिल आणि डीन.” त्यापुढे त्यालाही फारसं सांगता येईना. मग मीच शोधत गेलो. लहान मुलं पेंग्विनच्या आकाराचा आधार ढकलत बर्फावरून घसरत होती आणि मी बाहेर कोट-मफलरमध्ये बसून वाचत होतो.

जेन टॉर्व्हिलचा जन्म १९५७ चा, ख्रिस्तोफर डीनचा १९५८ चा. म्हणजे माझ्यापेक्षा थोडेच लहान. जेनच्या आईवडिलांचं वर्तमानपत्रं विकायचं दुकान. ख्रिसचे वडील कोळसा खाणीच्या पट्ट्यातल्या कॅल्व्हर्टन गावचे इलेक्ट्रिशियन. ख्रिस सहा वर्षांचा असताना आई घर सोडून गेली. पुढे सावत्र आई आली, तिचं नाव बेटी, आणि तिनेच त्याला दहाव्या वर्षी नाताळात स्केट्स आणून दिले. आपल्या गोष्टींमधली सावत्र आई जरा वेगळी असते, म्हणून मुद्दाम सांगितलं. जेन आठ वर्षांची असताना शाळेच्या सहलीबरोबर रिंकवर गेली आणि तिथलीच झाली.

मोठे झाल्यावर काय? तर ख्रिस पोलीस शिपाई झाला आणि जेन नॉरविच युनियन या विमा कंपनीत कारकून. हे वाचलं आणि मी खुर्चीत सरसावून बसलो. विमा कंपनीची कारकून म्हणजे आमचीच बिरादरी की हो! रजिस्टर, व्हाउचर, दुपारचा डबा. मी १९७३ साली बँकेत लागलो. आमच्याकडेही खेळाडूंच्या भरतीतून आलेली मुलं होती. पहाटे मैदानावर घाम गाळून दहाच्या ठोक्याला काउंटरवर बसायची, आणि दुपारी तीनच्या सुमारास लेजरवर मान टाकायची. त्यांच्याकडे पाहून आम्ही हसायचो. हे दोघे तर रिंक लोकांसाठी बंद असेल तेव्हा, म्हणजे भल्या पहाटे नाहीतर रात्री उशिरा सराव करायचे, आणि त्यात याची पोलिसातली पाळी.

आता हा खेळ काय ते थोडक्यात सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. बर्फावर जोडीने करायचे दोन वेगळे प्रकार आहेत. एकाला पेअर्स म्हणतात. त्यात तो तिला डोक्यावर उचलतो, हवेत फेकतो, दोघं उड्या मारतात. दुसरा आइस डान्सिंग. त्यात ही सर्कस चालत नाही. त्या काळच्या नियमाप्रमाणे तिला खांद्याच्या वर उचलायचं नाही, एकमेकांपासून फार वेळ लांब जायचं नाही, फेकाफेक बंद. सगळी करामत पायांत. स्केटचं पातं जेमतेम चार-पाच मिलिमीटर रुंद असतं, आणि त्याला खालून बारीक पन्हळ असते, म्हणजे एकाच पात्याला दोन कडा, आतली आणि बाहेरची. कुठल्या क्षणी कुठल्या कडेवर आहात, त्यावर सगळा खेळ. दोन माणसांची चार पाती आणि आठ कडा, आणि दोघांमध्ये वितीचंही अंतर नाही. एकाचा पाय अर्धा क्षण चुकला, की दुसऱ्याच्या पोटरीवर वार! पेअर्समध्ये माणूस पडेल की काय म्हणून आपण श्वास रोखतो. यात दोन माणसांचं एक कधी होतं, तेवढंच बघायचं असतं. मला स्वतःला हाच प्रकार जास्त अवघड वाटतो, पण ते माझं मत.

ऑलिंपिकमध्ये हा प्रकार आला तोच मुळी १९७६ साली. त्याच्या आदल्याच वर्षी, १९७५ मध्ये, जॅनेट सॉब्रिज नावाच्या प्रशिक्षक बाईंनी या दोघांची जोडी जुळवली. जेन तोवर पेअर्स खेळायची, १९७१ साली ब्रिटनची विजेतीही झाली होती, पण ती जोडी पुढे टिकली नाही. ख्रिसचीही आधीची जोडी फुटलेली. म्हणजे दोघेही थोडेसे मोडून आलेले. पुढे १९७८ पासून बेटी कॅलवे या त्यांच्या प्रशिक्षक झाल्या, शेवटपर्यंत राहिल्या.

इथून पुढे मी बँकवाल्यासारखं बोलणार आहे, क्षमा असावी. कुठलाही प्रस्ताव आला की आम्ही आधी मागची तीन वर्षं बघायचो. या दोघांची जागतिक स्पर्धेतली मागची तीन वर्षं बघा. १९७८ ला अकरावे. १९७९ ला आठवे. १९८० ला चौथे. मधे १९८० च्याच फेब्रुवारीत लेक प्लॅसिडच्या ऑलिंपिकमध्ये पाचवे. पदक एकही नाही. पण आकडे बोलतात. हे सगळं दोघांनी नोकरी सांभाळून केलेलं.

आणि मग १९८० साली दोघांनी नोकऱ्या सोडल्या. ही गोष्ट सांगताना लोक नेमकी उलटी सांगतात. ‘स्वप्नासाठी नोकरी सोडली आणि जगज्जेते झाले’, असं मोबाइलवर फिरणाऱ्या फॉरवर्डमध्ये असतं. क्रम तसा नाही. आधी नोकरी करत करत जगात चौथे आले, आणि मग सोडली. या दोन गोष्टींत जमीन-अस्मानाचा फरक आहे, आणि ज्या घरासाठी मी हे बोलतोय, त्या घराने तो जरूर लक्षात घ्यावा. नोकरी सांभाळून आणखी किती वर जाता येईल, त्याची हद्द त्यांना दिसली होती. वर जे होते, ते सगळे पूर्णवेळ सराव करणारे. सोव्हिएत जोड्यांच्या मागे तर अख्खं सरकार उभं असायचं.

पण खायचं काय? त्या वेळी हौशी खेळाडूंनी खेळावर पैसे कमवायचे नाहीत असा कडक नियम. इथे नॉटिंगहॅमची नगरपालिका पुढे आली. पुढच्या ऑलिंपिकपर्यंतच्या तयारीसाठी तिने या दोघांना एकूण ४२,००० पौंडांचं अनुदान मंजूर केलं. त्या वेळच्या दराने सात-साडेसात लाख रुपये होतात. तेव्हा माझा मूळ पगार हजाराच्या आत होता, यावरून अंदाज करा.

मला या गोष्टीतला सगळ्यात विलक्षण भाग हा वाटतो. बोलेरोपेक्षाही. ही नगरपालिका म्हणजे कचरा उचलणारी, दिवाबत्ती बघणारी, आपल्यासारखीच. त्यांच्या टेबलावर तो प्रस्ताव आला असेल. मी कल्पनेनेच त्यावर शेरा लिहून पाहिला. अर्जदार: एक पोलीस, एक कारकून. तारण: काही नाही. जामीनदार: कोणी नाही. परतफेड: लागू नाही, अनुदान असल्यामुळे. उद्देश: बर्फावर नाचणे. माझ्या वरच्या साहेबाने ती फाइल माझ्या अंगावर फेकली असती. आणि आपल्या सोसायटीचं सांगायचं, तर मुलांच्या बॅडमिंटनच्या जाळीचा साडेतीन हजारांचा खर्च मंजूर व्हायला दोन सर्वसाधारण सभा लागल्या. तिसरी लागली नाही ती केवळ कोरम नव्हता म्हणून. (हशा) हसा, पण इतिवृत्तात आहे ते.

अनुदान मिळालं आणि पुढच्याच वर्षी, १९८१ मध्ये, दोघे युरोपचे आणि जगाचे विजेते झाले. मग १९८२, १९८३, १९८४, चारही वर्षं जागतिक विजेतेपद. मधे सरावात पडून जेनच्या खांद्याला दुखापत झाली, म्हणून १९८३ ची युरोपियन स्पर्धा हुकली. नॉटिंगहॅमच्या रिंकवर हवा तेवढा वेळ मिळेना, म्हणून जर्मनीतल्या ओबर्स्टडॉर्फ या डोंगरातल्या गावी जाऊन सराव केला. म्हणजे बिऱ्हाडच हललं. सोपं काही नव्हतं.

आता येऊ बोलेरोवर. मॉरिस रॅव्हेल या फ्रेंच संगीतकाराची ही १९२८ ची रचना, पंधरा-सोळा मिनिटांची. ज्यांना आपलं संगीत ठाऊक आहे, त्यांना मी असं सांगेन: कथकला साथ करताना लेहरा कसा तोच तोच फिरत राहतो, तसं. ढोलावर एकच ठेका सुरुवातीपासून शेवटपर्यंत, लय वाढत नाही, सूरही तेच. फक्त एकेक वाद्य येऊन मिळत जातं आणि आवाज चढत जातो. शेवटी सगळं कोसळतं. बर्फावर नाचताना बहुतेक जोड्या तेव्हा तीन-चार वेगवेगळ्या गाण्यांचे तुकडे जोडायच्या, एक जलद, एक संथ, म्हणजे परीक्षकांना सगळं दाखवता येतं. यांनी ठरवलं, एकच संगीत, एकच भाव. दोन प्रेमिक, ज्यांचं एकत्र येणं शक्य नाही, ज्वालामुखीच्या डोंगरावर चढतात आणि स्वतःला झोकून देतात. बस, एवढीच कथा.

अडचण आली ती वेळेची. मुक्त नृत्याला चार मिनिटं, वर दहा सेकंदांची सूट. म्हणजे जास्तीत जास्त चार मिनिटं दहा सेकंद. आणि बोलेरो कितीही कापलं तरी चार मिनिटं अठ्ठावीस सेकंदांच्या खाली येईना. त्याहून कापलं तर तो चढ राहत नाही, जीव जातो. अठरा सेकंद जास्त! आता आमच्या बँकेच्या भाषेत सांगायचं, तर इथे यांनी परिपत्रक पुन्हा नीट वाचलं. नियम काय म्हणतो? स्केटचं पातं बर्फाला लागून स्केटिंग सुरू झालं, की घड्याळ सुरू. मग यांनी काय केलं, सुरुवातीला दोघे गुडघ्यांवर बसले. समोरासमोर. संगीत सुरू झालं, यांचे हात, माना, खांदे डोलू लागले, पण पात्यांनी बर्फावर काही सुरू केलेलं नाही. अठरा सेकंद तसेच. मग ते उठतात आणि परीक्षकांचं घड्याळ चालू होतं. नियम मोडला नाही, वाकवलासुद्धा नाही. आणि गंमत अशी, की त्या सगळ्या नृत्यातला सर्वांत लक्षात राहणारा भाग तोच झाला. ऑडिटमध्ये अशी माणसं भेटली की मी मनातल्या मनात त्यांना नमस्कार करायचो.

१४ फेब्रुवारी १९८४, साराजेव्हो, तेव्हाचा युगोस्लाव्हिया, झेत्रा नावाचं सभागृह. गुणांची पद्धत अशी होती, की नऊ परीक्षक, प्रत्येकजण दोन गुण देणार, एक तंत्राचा, एक कलेचा, सहापैकी. तंत्राचे तीन जणांनी पूर्ण सहा दिले, उरलेल्यांनी पाच पूर्णांक नऊ. आणि कलेचे? नऊच्या नऊ जणांनी सहापैकी सहा. पैकीच्या पैकी असे बारा गुण. ब्रिटनमध्ये त्या रात्री सुमारे दोन कोटी चाळीस लाख लोक टीव्हीसमोर होते. त्याच वर्षी उन्हाळ्यात लॉस एंजेलिसला आपली पी. टी. उषा सेकंदाच्या शंभराव्या भागाने पदक चुकली. ते वर्ष आपल्याला त्यासाठी आठवतं. त्यामुळेच असेल, इकडे हे दोघे फारसे कोणाला ठाऊक झाले नाहीत.

लोकांना मात्र एकच प्रश्न. या दोघांचं लग्न कधी? सगळ्या जगाने विचारून झालं. आपणही विचारलंच असतं, मला खात्री आहे, महिला मंडळाच्या पहिल्या दोन रांगांमध्ये आता कुजबुज चालूच आहे. तर, नाही झालं. दोघांची वेगवेगळी लग्नं झाली, संसार झाले. इतक्या जवळून इतकी वर्षं काम करणारी दोन माणसं केवळ सहकारी असू शकतात, हे मान्य करायला लोकांना का जड जातं कोण जाणे. आमच्या शाखेत एका कॅशियरबाई आणि एक हेडकॅशियर वीस वर्षं एका तिजोरीच्या दोन किल्ल्या सांभाळत होते. एक किल्ली असून चालत नाही, दोन्ही लागतात. यापेक्षा जवळचं नातं मी तरी नोकरीत पाहिलं नाही, आणि दोघांचे संसार आपापल्या जागी सुखात.

१९८४ नंतर दोघे व्यावसायिक झाले, जगभर कार्यक्रम केले, पैसे मिळवले. इथे गोष्ट संपवली तर बरी दिसेल. पण त्यांनी ती संपवली नाही, म्हणून मलाही पुढे जायला हवं. दहा वर्षांनी नियम बदलला, व्यावसायिकांना ऑलिंपिकमध्ये परत यायची मुभा मिळाली. आणि हे आले! वय पस्तिशीच्या आसपास. १९९४ च्या जानेवारीत कोपनहेगनला युरोपचे विजेते झाले, पण निसटते. परीक्षकांचं मन राखायला नृत्यात बरेच बदल केले आणि नॉर्वेतल्या लिलेहॅमर ऑलिंपिकला गेले. लोकांनी सभागृह डोक्यावर घेतलं. गुण आले तिसरे. कांस्य. सुवर्ण रशियाच्या ग्रिश्चुक आणि प्लातोव्ह यांना. ब्रिटनमध्ये आरडाओरडा झाला, अन्याय झाला म्हणून. मी दोन्ही नृत्यं पाहिली. मला विचाराल तर रशियन जोडीचा वेग जास्त होता, आणि यांनी परीक्षकांना आवडेल ते करायला जाऊन आपलं काही तरी सांडलं होतं. बोलेरोत त्यांनी कुणाला आवडेल म्हणून काही केलं नव्हतं.

ती सहा गुणांची पद्धत आता नाही. २००२ च्या सॉल्ट लेक सिटी ऑलिंपिकला पेअर्सच्या स्पर्धेत परीक्षकांच्या संगनमताचं प्रकरण गाजलं आणि ती मोडीत निघाली. आता प्रत्येक हालचालीचे वेगळे गुण, त्यांची बेरीज. जास्त न्याय्य असेलही. पण ‘पैकीच्या पैकी’ हा शब्द गेला.

ज्या सभागृहात हे घडलं, त्या झेत्राचं काय झालं ते सांगायलाच हवं. १९९२ मध्ये साराजेव्होला वेढा पडला. तोफांच्या माऱ्यात झेत्रा उद्ध्वस्त झालं. तळघरात प्रेतं ठेवत, आणि बसायच्या लाकडी आसनांच्या फळ्या काढून त्यांच्या शवपेट्या केल्या. आजूबाजूची मैदानं दफनभूमी झाली. युद्धानंतर, १९९९ मध्ये, ते पुन्हा उभं केलं. २०१४ च्या फेब्रुवारीत तीस वर्षांनी हे दोघे तिथे परत गेले आणि त्याच जागी पुन्हा बोलेरो केलं. पंचावन्न-छप्पन वर्षांची माणसं. गुडघ्यांवर बसून सुरुवात, तशीच. आपल्यापैकी ज्यांचं गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, त्यांनाच त्याची किंमत कळेल. २०२५ मध्ये निरोपाचा दौरा करून ते थांबले.

आता त्या प्रश्नाचं. सही केली असती का? मी त्या घराला तीन कागद मागितले आहेत. मागच्या तीन वर्षांचे निकाल. खेळाचा वर्षाचा खर्च, प्रवासासकट. आणि नोकरीतून बिनपगारी रजा मिळते का, त्याचं उत्तर. पहिला कागद आला आहे, आणि तो मला बरा वाटला. दुसरा अर्धवट आहे. तिसऱ्यासाठी मुलाने साहेबांशी बोलायचं आहे, ते त्याने अजून केलेलं नाही. तो इथेच कुठेतरी बसलेला आहे, त्याने उद्या बोलावं. खर्चाचा कागद पूर्ण झाला, की सोसायटीच्या सांस्कृतिक निधीतल्या शिलकेतून काही देता येईल का, असा ठराव मी पुढच्या सभेत मांडणार आहे. अनुमोदक कोण ते ज्याचं त्याने ठरवावं. खजिनदारांनी माझ्याकडे तसं बघू नये, उपविधी मी वाचले आहेत.

माझा वेळ संपला. मुलांनी प्रोजेक्टर लावला आहे, पडदा म्हणजे जोशीबाईंची चादर. तेच चार मिनिटं अठ्ठावीस सेकंद आता दाखवणार आहोत. आधी लहान मुलांना पुढे घ्या, आणि सुरुवातीची अठरा सेकंदं कोणीही चहाचे कप घेऊन मधून जाऊ नका.